मुळांची काटकसर आणि शेजारची बोअर

आमच्या धंद्यात ‘रेझिलियन्स’ हा शब्द फार स्वस्त झालाय. एक सर्व्हर पडला तरी ॲप चालू राहिलं पाहिजे, म्हणून आम्ही दुसरा उभा ठेवतो. तो महिनोन्‌महिने रिकामा बसतो आणि त्याचं बिल कंपनी भरते. म्हणजे तग धरण्याला किंमत असते आणि ती कोण भरणार हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. बदलत्या हवामानात टिकणाऱ्या पिकांबद्दल वाचायला लागले तेव्हा डोक्यात हाच किडा होता. तग पिकाने धरायचा, पण बिल कुणाच्या नावावर?

या विषयातलं सगळ्यात रंजक काम सध्या मुळांवर चाललंय. मुळांकडे शेतीसंशोधनाचं बराच काळ दुर्लक्षच झालं, आणि कारण अगदी साधं आहे: ती दिसत नाहीत. अमेरिकेतल्या नेब्रास्कात जॉन वीव्हर नावाचा शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी शेतात माणूस उभा राहील एवढे खोल चर खणायचा, माती हळूहळू काढत मुळं मोकळी करायचा आणि त्यांची हाताने चित्रं काढून घ्यायचा. पिकांच्या मुळांवरचं त्याचं पुस्तक १९२६ साली आलं. पण हरितक्रांतीत वाण निवडले गेले ते वरून दिसणाऱ्या गोष्टी बघून. बुटका ताठ दांडा, भरलेली ओंबी, खताला मिळणारा प्रतिसाद. पाणी आणि युरिया वरून मिळणार असेल तर खाली काय चाललंय याची कुणाला फिकीर?

आता पावसाचा भरवसा राहिला नाही, म्हणून नजर खाली वळली. त्यातली भाताची गोष्ट आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना लगेच आवडेल अशी आहे. आयआर ६४ हा आशियाभर पिकलेला भात. त्याची मुळं उथळ पसरतात. २०१३ साली युसाकू उगा या जपानी शास्त्रज्ञाच्या गटाने त्यामागचं एक जनुक शोधलं, डीआरओ १. आयआर ६४ मध्ये त्या जनुकातलं एक अक्षर गळालेलं आहे. एकच. फिलिपिन्समधल्या एका जुन्या कोरडवाहू भातात ते शाबूत होतं. ते आयआर ६४ मध्ये आणल्यावर मुळं सरळ खाली जायला लागली आणि दुष्काळात दाणा जास्त मिळाला.

मला वाटलं, चला, बग सापडला. पण २०२० मध्ये याच गटाने उलटी गोष्ट दाखवली. खारवट भातखाचरात मुळं अगदी पृष्ठभागाजवळ ठेवणारं जनुक फायद्याचं ठरलं, कारण तिथे खाली हवाच नसते. म्हणजे खोल मूळ चांगलं की उथळ, याचं उत्तर मुळात नाही, जमिनीत आहे. ठीक.

हरभऱ्याची गोष्ट मात्र एवढ्यावर सुटत नाही.

हरभरा आपल्याकडे रब्बीत, बहुतेक करून जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरला की पुढे पाऊस पडेलच असं नाही. जमिनीत जे आहे तेवढंच. अशा पिकाला खोल, दाट मुळं हवीत, हे इतकं उघड वाटतं की कुणी शंकाही घेऊ नये. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे भरपूर मुळांसाठी आयसीसी ४९५८ हे वाण अनेक वर्षं अभ्यासलं गेलं. त्याच्यातला एक जनुकीय पट्टा पुढे दिल्लीच्या पुसा संस्थेने दुसऱ्या वाणात आणला आणि २०१९ साली पुसा १०२१६ हा हरभरा मध्य भारतासाठी प्रसारित केला.

मधल्या काळात, २०११ साली, इक्रिसॅटच्याच व्हिन्सेंट वादेझ आणि सहकाऱ्यांनी हरभऱ्याची झाडं मातीने भरलेल्या उंच नळकांड्यांत वाढवली. नळकांडी पुन्हापुन्हा वजन करून पाहिली, म्हणजे कोणतं झाड कधी किती पाणी पितंय ते कळतं. निकाल मजेशीर होता. टिकणारी आणि न टिकणारी वाणं एकूण पाणी जवळपास सारखंच ओढत होती. मुळांची खोली आणि दाटी पाहून कोण टिकेल ते सांगता येत नव्हतं. फरक होता तो वेळेचा. टिकणारी झाडं सुरुवातीला हात आखडून पीत होती, आणि फुलोऱ्यानंतर, घाटे भरताना, त्यांच्यासाठी जमिनीत अजून ओल शिल्लक होती. बाकीच्यांनी पानं फुलवण्यातच ती उडवली होती.

खोल जाण्यापेक्षा जपून वापरणं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आजीच्या तोंडचं वाक्य विज्ञानाने सिद्ध केल्यासारखं. पण मग एक अडचण सुचली. काटकसरी झाडाच्या शेजारी उधळ्या झाड असेल तर? माती तर दोघांची एकच. याने मागे ठेवलेली ओल तो पिऊन जाणार. रानात, जिथे सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात, तिथे जपून पिणारं झाड हरण्याचीच शक्यता जास्त. कॉलिन डोनाल्ड या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९६८ सालीच म्हणून ठेवलंय की चांगलं पीक देणारं झाड स्पर्धेत दुबळं असायला हवं. शेजाऱ्याला फारसं न लुबाडणारी झाडं एकत्र पेरली तर अख्ख्या शेताचं भलं होतं. पण सगळी तशीच हवीत. शेतात एकच वाण असतं, म्हणजे सगळी बहिणीबहिणी, म्हणून ते जमतं.

हे मी औशाजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या मामांना फोनवर सांगितलं. त्यांची सहा एकर जमीन, त्यातली बरीचशी कोरडवाहू. ते जरा थांबले आणि म्हणाले, “झाडाला हे जमतंय, माणसाला कुठं जमतं?” मग बोअरची गोष्ट निघाली. त्यांची होती तीनशे फुटांवर. शेजाऱ्याने साडेपाचशे मारली, मामांची आटली, मग यांनी सहाशे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात दोन्ही कोरड्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही तीनशेवर थांबला असतात तर? “अगं, मी थांबलो असतो, पाणी थोडंच थांबणार होतं माझ्यासाठी?”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एकट्याने केलेली काटकसर हा सद्गुण आहे की नुसता भोळेपणा? शेतात हा प्रश्न पैदासकाराने सोडवला. त्याने सगळ्या झाडांचा स्वभाव एकसारखा करून टाकला, कुणाला न विचारता. गावात तसं करता येत नाही आणि करूही नये. तिथे विचारावं लागतं, भांडावं लागतं, एकमेकांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि ऊस कुणी किती लावायचा हे बोलावं लागतं. ते फार किचकट काम आहे. म्हणून बियाण्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणं सगळ्यांना सोयीचं जातं. सरकारला, कंपन्यांना, आणि ज्यांच्या धुराने हवा तापली त्यांना तर सगळ्यात जास्त. मुळांच्या संशोधनाला माझा विरोध नाही. उलट त्यावर आणखी पैसा खर्च व्हावा असंच मला वाटतं. पण वाण ‘हवामान-सक्षम’ म्हणून मिरवलं जातं तेव्हा कुणाकुणाला मोकळं सोडलं जातंय ते बघायला हवं.

आता बिलाचं. हात आखडून पिणाऱ्या हरभऱ्याचं एक वर्ष वाया जातं: चांगलं वर्ष. जानेवारीत अवकाळी का होईना पाऊस पडला, तर उधळ्या वाण पुढे निघून जातं आणि काटकसरीने मागे ठेवलेली ओल तशीच राहते. म्हणजे वाईट वर्षातल्या बचावाचा हप्ता चांगल्या वर्षात भरायचा. हा हप्ता किती असावा, हे कुणी ठरवायचं? आमच्याकडे ॲपच्या वेगाची नुसती सरासरी सांगितली तर मॅनेजर हसतो. शंभरातल्या सगळ्यात वाईट अनुभवाचा आकडा मागतो, कारण वापरणारा सोडून जातो तो त्या एका अनुभवामुळे. वाणाच्या माहितीपत्रकावर मात्र दिवस आणि सरासरी उत्पादन क्विंटलमध्ये. ज्याच्या बँकेत शिल्लक आहे त्याला सरासरी पुरते, एक वर्ष बुडालं तर पुढच्या दोन वर्षांत भरून निघतं. ज्याने पेरणीसाठीच उसने घेतलेत त्याच्यासाठी पुढची दोन वर्षं येतच नाहीत. त्यामुळे ‘सर्वोत्तम वाण’ हा शब्दच मला आता अर्धवट वाटतो. कुणासाठी, हे त्यात नाही. माझं साधं म्हणणं आहे की वाईट वर्षी हे वाण किती देतं आणि चांगल्या वर्षी किती गमावतं, हे दोन आकडे पिशवीवर असावेत. निवड मग ज्याची त्याने करावी.

मामांनी ती आकड्यांविनाच केली आहे. यंदा खालच्या काळ्या रानात त्यांनी विकतचा जाकी ९२१८ पेरलाय, आणि माळाकडच्या हलक्या पट्ट्यात घरचं जुनं बियाणं, ज्याचं नाव त्यांनाही माहीत नाही. दोन्ही का, विचारलं तर म्हणाले, “दोन्ही एकदम बुडत नाहीत.” माळाकडच्या पट्ट्याच्या बांधाला लागून शेजाऱ्याचा ऊस उभा आहे.