परमुलखातील नाताळ



नाताळचा सण जवळ आला म्हणजे आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेडोपाडीच्या मंडळ्यांत प्रार्थनामंदिरास चुना लागतो, कागदी तारे टांगले जातात, करंज्या व शंकरपाळ्यांचा वास घरोघर दरवळू लागतो. परंतु त्याच आळीत कित्येक दारांस कुलूप असते. कंधार, मुखेड, जळकोट या डोंगराळ भागांतील बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघून गेलेली असतात. कोणी हैदराबादेस बांधकामावर, कोणी पुण्यास, तर कोणी समुद्रापलीकडे दुबईस किंवा कुवेतास गेलेला असतो. ज्या सणास सर्व कुटुंबाने एके ठिकाणी जमावे, त्याच सणास आपली मंडळी चोहोंकडे विखुरलेली असते. या विखुरलेल्यांविषयी आज दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

प्रथम आम्ही आपला स्वतःचा अपराध कबूल करितो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या रविवारी उपदेश करिताना, सणासही गावी न येणाऱ्यांस आम्ही विश्वासात कोमट झालेले असे म्हटले. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई दोन नातवंडांचे हात धरून आम्हांकडे आल्या. त्यांचा मुलगा व सून कोयत्यावर गेलेली होती. त्या म्हणाल्या, "पास्टरसाहेब, उचल घेतल्यावर सणाला येता येतंय का? तुमी कवा त्यांच्या कोपीवर गेलाव का?"

त्या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. आम्ही कधीही गेलो नव्हतो.

पुढील वर्षी २४ डिसेंबरास आम्ही एका प्रचारक बंधूंस बरोबर घेऊन, त्या बाईंनी बांधून दिलेले फराळाचे गाठोडे काखोटीस मारून, ऊसतोडीच्या एका तळावर गेलो. तेथे पाचटाच्या कोप्या, दारापुढे तीन दगडांची चूल आणि सभोवती थंडीचे धुके. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी तोडलेल्या उसातून फेडावयाची असते. एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे उलट अंगावर चढतात. मग सणास सुटी कोठची? आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रक लागलेला होता व नवराबायको डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढत होती. मध्यरात्र उलटल्यावर काम संपले. सुनेने हात धुतले आणि प्रथम एवढेच विचारले, "लेकरं पोटभर जेवतात का?" नंतर म्हणाली, "नाताळ आजच हाय का?"

आम्ही तिच्या सासूचे गाठोडे सोडले आणि मोबाइलच्या उजेडात लूककृत शुभवर्तमानाचा २ रा अध्याय उघडला. तो अध्याय आम्ही अनेक वेळा वाचला होता व त्यावर उपदेशही केले होते. परंतु त्या रात्री तो जणू प्रथमच आमच्या कानी पडला.

बंधूंनो, पहिला नाताळ कोणी आपल्या घरी केला? मरिया व योसेफ ही नासरेथची राहणारी. कैसर औगुस्ताने खानेसुमारीचा हुकूम काढिला म्हणून त्यांस बेथलेहेमास जावे लागले. ती वाट साधारणपणे नांदेडाहून लातुरास पायी जावे इतकी आहे, आणि मरियेचे दिवस भरत आलेले होते. हा प्रवास त्यांनी हौसेने केलेला नव्हता. हुकूम दुसऱ्याचा, पाय मात्र त्यांचे. उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळास गव्हाणीत निजविले. आणि ही सुवार्ता प्रथम कोणास कळविण्यात आली? घरी पांघरूण घेऊन निजलेल्यांस नव्हे, तर रानात रात्रीच्या कामावर असलेल्या मेंढपाळांस. पुढे त्या बालकास घेऊन आईबापांस मिसर देशी पळावे लागले, म्हणजे आपल्या तारणाऱ्याने परदेशही पाहिला. असे असता, दूर असलेल्यांचा नाताळ उणा आणि आपला तेवढा पुरा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्या मराठी मंडळीतही याचे एक थोर उदाहरण आहे. पंडिता रमाबाई इ. स. १८८३ साली इंग्लंडास गेल्या. त्यांचे आईबाप दुष्काळात गेले होते. बंधू १८८० साली व पती १८८२ साली वारले होते. जवळ काय ती दोन वर्षांची मनोरमा! येथून सोबत गेलेली स्त्रीही त्याच वर्षी तिकडे मरण पावली. सप्टेंबरात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ख्रिस्ती या नात्याने रमाबाईंचा पहिलाच नाताळ परमुलखात, रक्ताच्या नात्याचे दुसरे कोणी नसताना झाला. याच बाईंनी पुढे १८८९ साली मुंबईत शारदासदन काढिले, आणि केडगावास दुष्काळातील शेकडो निराधार मुलींस घर दिले. निराधारपण काय असते हे त्यांस कोणी शिकवावे लागले नव्हते.

आता गावी असलेल्यांस आमची विनंती अशी. प्रचारक बंधूंनी दसऱ्यापूर्वीच बाहेर जाणाऱ्यांची नावे, ठिकाण व फोन वहीत टिपून घ्यावेत आणि नाताळच्या उपासनेत ती नावे मोठ्याने वाचून प्रार्थना करावी. आजीआजोबांपाशी राहिलेल्या लेकरांस फराळाचे पहिले ताट द्यावे. तळ जवळ असल्यास एकदा तरी तेथे जाऊन यावे.

ज्यांची मुले आखातात आहेत त्यांसही एक सांगणे आहे. एका मातेने आम्हांस रडत सांगितले की, मुलाने नाताळास फोन केला नाही. पुढे कळले की, त्या महिन्यात त्यास पैसे पाठविता आले नव्हते, म्हणून त्यास तोंड दाखविण्याची लाज वाटली. आईबापांनो, आपण होऊन फोन करा, आणि त्या दिवशी पैशांची गोष्ट काढू नका. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास व कुवेतचे अडीच तास मागे असते. तेथे नाताळास सार्वजनिक सुटी नसते. म्हणून आपल्याकडे रात्र झाल्यावर फोन करावा, म्हणजे तो कामावरून परतलेला असेल.

आणि जे दूर आहात, त्यांनी खिन्न होऊ नये. दुबईत व कुवेतात चर्चे आहेत. तेथे परक्या भाषेतील उपासनेतही अवश्य बसावे. सौदी अरबस्तानात उघड उपासना करिता येत नाही, तरी मनातल्या प्रार्थनेस कोण अडवील? कोपीत दोघेच असाल तर दोघांनीच बसावे. दोघांतिघांच्या मध्ये येण्याचे वचन प्रभूने दिले आहे, आणि त्या वचनास त्याने इमारतीची अट घातलेली नाही.

त्या रात्री निघताना सुनेने गाठोड्यातील दोन करंज्या काढून परत आमच्या हाती दिल्या व म्हणाली, "लेकरांना सांगा, आईनं धाडल्यात." त्या आम्ही पोहोचविल्या. आजीने ओळखले की, करंज्या आपल्याच हातच्या आहेत. पण ती काही बोलली नाही.

जो आपल्यासाठी परका झाला, तो प्रभू तुमच्या दूरच्या व जवळच्या सर्वांस आपल्या शांतीत राखो. आमेन.