कुणाच्या जिवावर थांबायचं?

मराठीत ‘सुगी’, कन्नडमध्ये ‘सुग्गी’. या भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या भाषांतरकाराला असा शब्द म्हणजे आयती सोबत. मी राहते त्या चामराजपेटेत संक्रांतीला ‘सुग्गी हब्बा’ म्हणतात. द्राक्षांना मात्र सुगी हा शब्द चिकटत नाही. नाशिकचा बागायतदार ‘हंगाम’ म्हणतो. हा शब्द फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ ‘वेळ’ असा आहे. नंदी डोंगराच्या परिसरात काम करणाऱ्या एका वाइनमेकरची इंग्रजी टिपणं मराठीत आणताना मी ‘हंगाम’च निवडला, कारण त्या पानांवर सगळी चिंता वेळेची आहे.

तोडणी जवळ आली की तो रोज वेलींमधून फिरतो. मणी चाखतो, बी चावून पाहतो, हिरवी आहे की तपकिरी झाली. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतो. उष्ण हवेत साखर भराभर चढते, आम्ल उतरतं, आणि चव मागून सावकाश येते. आज तोडलं तर वाइन कच्ची लागेल, फार थांबलं तर बोजड होईल. आंबा उतरवल्यावर आढीत पिकतो, केळंही पिकतं. द्राक्ष वेलीवरून उतरलं की त्याचं पिकणं तिथेच संपलं. हा निर्णय मागे घेता येत नाही. म्हणून वाइन करणाऱ्यांत थांबता येणं हा मोठा गुण समजला जातो.

गुण आहेच. पण त्याची किंमत कोण मोजतो? नंदी असो की नाशिक, वायनऱ्या करारावरच्या शेतकऱ्यांकडूनही द्राक्षं घेतात. दर किलोवर ठरलेला असेल, तर मणी सुकू लागल्यावरचा प्रत्येक दिवस शेतकऱ्याच्या वजनातून जातो. अवकाळी पाऊस आला, मणी तडकले, कूज शिरली, तर नुकसान आधी बागेचं. उन्हात फळ तापू नये म्हणून वाइनच्या द्राक्षांची तोडणी पुष्कळदा रात्री किंवा पहाटे करतात. त्या तोडणीला येणाऱ्या रोजंदारीच्या बायांना काम असेल त्या दिवशीचाच रोज मिळतो. ‘अजून चार दिवस पाहू’ या वाक्यात त्यांचेही चार दिवस असतात.

वाइनमेकरही धोका पत्करतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे. वाइन बिघडली तर त्याचं नाव जातं. पण तो धोका त्याने स्वतः निवडलेला असतो, आणि वर्ष चांगलं निघालं तर कौतुकही त्याच्याच वाट्याला येतं. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त धोका येतो.

सुगीत बलुतेदारांचा वाटा खळ्यावरच्या राशीतून निघत असे. ती व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणणार नाही, कुणाला किती हे जात ठरवत होती. फ्रान्समधल्या बर्गंडीत तोडणीचा दिवस जाहीर केला जाई, त्याआधी कुणी तोडायचं नाही. तिथल्या बोन गावच्या तारखा १३५४पासून मिळतात, आज हवामानाचे अभ्यासक त्या वाचतात. त्या जाहीरनाम्यांतही सत्तेचा स्वार्थ होताच. तरी दोन्ही ठिकाणी वेळ ही एकट्याची बाब नव्हती, एवढं त्यातून घेता येतं. आजही दर एकरावर ठरवता येतो, खोळंबलेल्या दिवसांचा रोज देता येतो, थांबायचं का हे बाग ज्याची त्याला विचारता येतं.

टिपणांत एक वाक्य वारंवार येतं: ‘वी वेटेड.’ कन्नडमध्ये ‘नावु’ म्हणून सुटता आलं असतं. मराठी सुटू देत नाही. ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो, आणि मराठीत ही पानं वाचणाऱ्यांत एखादा करारावरचा बागायतदार असू शकतो. त्याला न विचारता त्याला या निर्णयात मी कशी ओढू? मी ‘आम्ही थांबलो’ असं लिहिलं. ‘आपण’ लिहिण्याजोगं काही त्या टिपणांत सापडलं असतं, तर मला अधिक आवडलं असतं.