एकवीस आकडी संशय

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जाणाऱ्या गोष्टीतला राजा ६४ घरांतच बुडाला. त्या पटाला आणखी तीन घरं जोडली, तर एकूण दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस आकडी! ही रक्कम लेजरच्या रकान्यात लिहायची तर शेवटचे आकडे शेजारच्या खातेदाराच्या नावावर जमा होतील.

मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली सांगून टाकलं, की ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही. २३२ वर्षं ते कोणाला खोडता आलं नाही. १८७६ साली ल्यूका या गणितज्ञाने सिद्ध केलं, की छे, भाग जातो. कशाने जातो? ते मात्र त्याला सांगता येईना.

आता याला 'कळणं' म्हणायचं का? संध्याकाळी जमा-नावे जुळत नाही, म्हणजे कुठेतरी चूक आहे हे शंभर टक्के ठरलं. पण साहेब "फरक आहे" एवढं सांगून चहाला गेले, म्हणून कोणी टेबल आवरत नाही. शेजारीपाजारीही म्हणतात, "तो माणूस सरळ नाही हो." कशावरून? "ते विचारू नका!" ल्यूका वरवर पाहता हेच म्हणत होता. पण त्याची सिद्धता कोणीही तपासावी अशी होती. शेजाऱ्यांकडे नुसती खिडकी असते.

गुन्हा शाबीत, मुद्देमाल गायब, अशी ही स्थिती. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात ते असं : एकीकडे त्यांनी दोनचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. उत्तर तेच! खडू ठेवला आणि अवाक्षर न काढता जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. (असा वक्ता आपल्या व्याख्यानमालांना परवडायचा नाही. आभार मानणारा मग काय बोलणार?)

याला किती वेळ लागला, तर म्हणे तीन वर्षांचे रविवार. तुम्ही विचाराल, उपयोग काय? अहो, दीडशे रविवार आपण पंखे पुसतो, मेव्हण्याकडे जातो, त्याचा तरी काय होतो? आमचे चिरंजीव म्हणतात, हे काम कॉम्प्युटर आता चुटकीसरशी करतो. करू दे की. एखाद्याला दोषी ठरवायचं आणि दोष दाखवायचा नाही, हे ज्याच्या जिवाला लागलं त्याचे रविवार मला तरी वाया गेलेले वाटत नाहीत.

परवा तो गुणाकार मी पाठकोऱ्या कागदावर मांडला. नऊ आकडी संख्येत एक शून्य आहे, त्यामुळे आठच ओळी पडतात. सातव्या ओळीला आतून जेवायची दुसरी हाक आली. "फक्त बेरीज राहिलीय," म्हटलं.