थेंब कुठे थांबतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजमध्ये पटकीचे शंभर रोगी आले, तर साठेक दगावत. तिथल्या लिओनार्ड रॉजर्स यांनी ग्लिसरीन आणि पाणी कमी-अधिक प्रमाणात मिसळून बाटल्यांची रांग मांडली. रोग्याच्या रक्ताचा थेंब एकेका बाटलीत सोडायचा. एकीत तो तळाशी जाई, दुसरीत वर येई. ज्या बाटलीत अधांतरी थांबेल, तितकं रक्त दाट. जुलाब-उलट्यांनी रक्तातलं पाणी आणि क्षार जातात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी 1831-32 मध्ये इंग्लंडात दाखवलं होतं. रॉजर्स दाटपणा पाहून शिरेतून किती खारं पाणी द्यायचं ते ठरवत. साठाचे तीसेक झाले.

रक्त पाहून उपचार ठरवणं आजच्या आयसीयूतही चालतं, पण एकट्या आकड्यावर कुणी विसंबत नाही. लॅक्टेट, म्हणजे शरीराला प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा घटक, 4 आहे एवढ्याने फारसं कळत नाही. काही तासांनी ते 2 वर उतरलं, तर उपचार लागू पडत असावेत. 6 वर चढलं, तर काहीतरी निसटतंय. प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन यांबरोबर श्वास, रक्तदाब आणि शुद्ध जमेला धरून अवयव किती बिघडलेत हे सांगणारा ‘सोफा’ स्कोअर काढतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या 48 तासांत हा स्कोअर वाढलेल्या रोग्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त दगावले. पण स्कोअर चढूनही बाकीचे वाचलेच ना! टक्केवारी शंभरांची असते. दाराबाहेर बसलेल्या आईचा मुलगा एकच असतो.

म्हणून चढता आकडा दाखवून “आता काही उपयोग नाही” म्हणणारा डॉक्टर मला घाईचा वाटतो. आणि तीन दिवस रिपोर्ट बिघडत असताना “बघू, चालू आहे” एवढंच सांगणाराही त्या घरावर अन्यायच करतो. गावाकडच्या भावाला वेळेत बोलावता आलं पाहिजे. “काल किती होतं, आज किती आहे, त्यावर आम्ही काय करतोय,” एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पाच मिनिटं हाही उपचाराचाच भाग आहे.

भाकीत हातातल्या उपचारांपुरतंच खरं असतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं होतं. जुन्या अनुभवाने पाहिलं तर शंभरातले वीस-तीस जायचे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या आणि त्या पाण्यात विरघळवून पाजायचं काम नातेवाइकांच्याच हाती दिलं. त्या छावणीत शंभरातले चारही गेले नाहीत.