नमस्कारापुरते मोठे

दिवाळीच्या पाडव्याला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या पाया पडायला रांग लागते. पुढच्या काही दिवसांत तेच माणूस दुसऱ्या रांगेत उभं असतं, बँकेत, हयातीचा दाखला द्यायला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, असा नियम आहे. नियमात वावगं काही नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी पैसे उचलू नयेत, हे सरकारने बघायलाच हवं. २०१४ च्या नोव्हेंबरपासून त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली. यंत्रावर बोट ठेवायचं, आधारच्या नोंदीशी जुळलं की काम झालं. पण जन्मभर भांडी घासलेल्या, खुरपं धरलेल्या, किंवा नुसत्याच पंचाहत्तरी गाठलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. तेव्हा खिडकीपलीकडचा कर्मचारी सोबत आलेल्या मुलाकडे बघून म्हणतो, “यांचं दुसरं बोट ट्राय करू या का?” बोलण्यात उद्धटपणा नसतो, मदत करायचीच इच्छा असते. फक्त ज्यांचं बोट आहे त्या बाई समोर उभ्या असूनही प्रश्न त्यांना विचारायचं त्याच्या मनात येत नाही. पुढे चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली, रेषांचा प्रश्न बराचसा सुटला. मोबाइल धरणारा हात मात्र बहुतेक घरांत मुलाचाच असतो, आणि सूचनाही त्यालाच मिळतात.

वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला ‘एजिझम’ हे नाव १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने दिलं. वॉशिंग्टनच्या चेवी चेस या सुखवस्तू वस्तीत वृद्धांसाठी सरकारी घरं करायचं घाटत होतं आणि रहिवासी त्याविरुद्ध उभे राहिले होते. त्या विरोधात वर्णाचा आणि पैशाचा भाग होताच. पण वंशभेदासारखाच एक वयभेदही असतो, हे बटलरनी ओळखलं. त्यांच्या वार्धक्यावरच्या पुस्तकाला १९७६ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या विषयावर अहवाल काढला, त्यात जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असे पूर्वग्रह असल्याचं म्हटलं आहे.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला वाटतं, हा तिकडचा रोग. आपल्याकडे म्हाताऱ्यांविरुद्ध कोण सभा घेतंय? खरंच कुणी घेत नाही. आपल्याकडे त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, आणि ‘दोन शब्द’ संपायच्या आत माईक काढून घेतात. माझं म्हणणं असं आहे की मराठी समाजातली वृद्धांची अवहेलना मुख्यतः आदराच्या आणि दयेच्या मार्गाने होते. शिवी दिली तर तिला उत्तर देता येतं. नमस्काराला काय उत्तर देणार?

या दयेचं आपलं सर्वांत मोठं पीठ म्हणजे ‘नटसम्राट’. डिसेंबर १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. मराठी माणूस ज्या म्हाताऱ्यासाठी सगळ्यात जास्त रडला तो ऐन चाळिशीतला होता, हे जाता जाता. नाटकाच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण त्यातून आपण काय उचललं ते बघा. अप्पासाहेब अहंकारी आहेत, हट्टी आहेत, दारू पितात, आणि आपली सगळी मालमत्ता मुलामुलीत वाटून टाकण्याचा निर्णय पूर्ण शुद्धीत, थाटामाटात स्वतः घेतात. म्हणजे तो चुकू शकणारा, स्वतःच्या चुकीचा मालक असलेला माणूस आहे. आपल्या आठवणीत मात्र उरला तो फक्त मुलांनी घराबाहेर काढलेला बिचारा बाप. गेली पन्नासहून अधिक वर्षं वार्धक्य म्हटलं की आपल्याकडे दोनच पात्रं पुढे येतात, कृतघ्न मुलगा आणि केविलवाणा बाप. तिसरं पात्र आपल्याला सुचतच नाही.

कायद्यालाही ते फारसं सुचलेलं नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात २३ वं कलम आहे. देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि पुढे देखभाल झाली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. बेलवलकरांसाठीच केल्यासारखं हे कलम आहे. अट आधी असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे वाचायला हवा अशी भूमिका घेतली. चांगलंच झालं. पण बक्षीसपत्र होताना दुय्यम निबंधकांच्या कचेरीत काय घडतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. कागद मुलाने तयार करून आणलेला असतो, आईला “इथे अंगठा, इथे सही” एवढंच सांगितलं जातं, आणि हक्कसोडपत्र म्हणजे नेमकं काय सोडतोय हे बहिणींनाही घरी गेल्यावर कळतं. वर याच कायद्यातल्या निर्वाह रकमेला महिना दहा हजारांची कमाल मर्यादा आहे.

राज्य सरकारच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचं नाव काय, तर श्रावणबाळ. पासष्टी उलटलेल्या गरीब माणसाला महिना १,५०० रुपये मिळतात, आणि योजनेला नाव मिळतं ते आईबापांना कावडीत घालून नेणाऱ्या मुलाचं. कावडीतल्या त्या दोघांची नावं किती जणांना सांगता येतील? नागरिकाचा हक्कसुद्धा आपल्याला लेकराच्या पुण्याईच्या वेष्टणातूनच द्यावासा वाटतो. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या लाभार्थ्यामागे केंद्राचा वाटा २०० रुपये आहे. तो २००७ पासून तेवढाच आहे.

दवाखान्यात ही गोष्ट जास्त महागात पडते. डॉक्टर म्हातारीला तपासतात आणि सुनेला विचारतात, “झोप लागते का यांना?” म्हातारी सांगू लागली तर सून मध्येच दुरुस्ती करते. शेवटी निदान ठरलेलं असतं, ‘या वयात व्हायचंच.’ वृद्धांच्या डॉक्टरांमध्ये एक जुना विनोद आहे. म्हातारा म्हणतो डावा गुडघा दुखतो, डॉक्टर म्हणतात वयामुळे दुखतो, त्यावर म्हातारा विचारतो, “मग उजवा का दुखत नाही? तोही माझ्याच वयाचा आहे.” विनोद सोडला तरी प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे. वृद्धांमधलं नैराश्य हा उपचार होऊ शकणारा आजार आहे, पण गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला आपण समंजस म्हणतो आणि चिडचिड करणाऱ्याला म्हातारचळ लागला म्हणतो. पहिल्याकडे डॉक्टर येत नाही, दुसऱ्याकडे घरातलं कुणी येत नाही. कमी ऐकू येणारा माणूस असंबद्ध उत्तरं देतो, म्हणून त्याची बुद्धी गेली असं घर ठरवून मोकळं होतं. कानाचं यंत्र लावल्यावर त्याची बुद्धी परत आल्याचं मी पाहिलं आहे.

समाजाचं हे मत माणसाच्या अंगात मुरतं, आणि अक्षरशः आयुर्मानात उतरत असावं. ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या लहान गावात पन्नाशीपुढच्या लोकांच्या मुलाखती १९७५ पासून घेतल्या गेल्या होत्या. स्वतःच्या म्हातारपणाकडे तुम्ही कसं बघता, असेही प्रश्न त्यात होते. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी ६६० जणांची ती उत्तरं पुढे त्यांच्या मृत्यूच्या नोंदींशी लावून पाहिली. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं बोलणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. लेव्ही यांचा हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तब्येत, आर्थिक स्थिती, एकटेपणा यांचा परिणाम वजा करूनही फरक उरला. असल्या अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का होत नाही, हे मान्य. तरीही आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रोज सकाळी काय फिरतं ते पाहून मला हा अभ्यास आठवतो. ‘सुखी म्हातारपणाचे नियम’: कमी बोला, कमी खा, सुनेच्या संसारात लक्ष घालू नका, मत विचारल्याशिवाय देऊ नका, नातवंडांवर हक्क सांगू नका. पाठवणारेही ज्येष्ठ, वाचून हात जोडणारेही ज्येष्ठ. स्वतःला पुसून टाकण्याची ही शिकवणी आहे आणि ती कुणाला खटकत नाही.

मग एखाद्याला सोबत हवी झाली तर? पुण्यात २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ निघालं तेव्हा टिंगल करणाऱ्यांत तरुणच होते असं नाही. विधवा-विधुरांनी लग्नापेक्षा सोबतीचा मार्ग धरायला रोकडी कारणं आहेत: पुनर्विवाह केला की विधवेचं कुटुंब-निवृत्तिवेतन काही नियमांनुसार थांबतं, आणि नव्या जोडीदाराचा घरात वाटा येईल या धास्तीने मुलं अस्वस्थ होतात. पण लोकांना खटकतं ते या व्यवहाराच्या आधीचं. सत्तरीच्या बाईला कुणाचा तरी हात हातात घ्यावासा वाटतो, याचीच त्यांना लाज वाटते. चारधामला जा, भजनी मंडळात जा, काही हरकत नाही. इच्छा धरायची ती मोक्षाची.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ‘वृद्ध बिचारे कुठे, त्यांनीच तर घराघरांत राज्य केलं,’ असं ज्या बायकांनी सासूच्या हाताखाली तीस वर्षं काढली त्या म्हणतात, आणि त्यांना खोटं ठरवायचा मला अधिकार नाही. राजकारणातही वयाची अडचण येत नाही. मोरारजी देसाई १९७७ साली ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले. म्हणजे वय एकट्याने माणसाला खाली ओढत नाही. हातातली सत्ता, पैसा किंवा स्वयंपाकघराची किल्ली गेली की ओढतं. त्यातही बाईचं जास्त, कारण तिची सत्ता मुळात नवऱ्याच्या हयातीवर उभी असते आणि बायका जगतातही जास्त. सासूपणाचा जाच आणि विधवा म्हातारीची अडगळ हे त्याच घराच्या रचनेचे दोन टप्पे आहेत, आणि आजची सून दुसऱ्या टप्प्याकडे निघालेलीच आहे.

अपवादांचं कौतुकही जपून करावं. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ साली, ५८ व्या वर्षी, ज्या वयाला महाराष्ट्र सरकार आज आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवतं. सत्तरी उलटल्यावर ते जगप्रवासाला निघाले, ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, शंभरी गाठली त्या वर्षी भारतरत्न झाले. थोरच. पण ‘बघा, ते या वयात हे करत होते’ असं ज्याला ऐकवलं जातं तो गुडघ्यांनी बेजार, मोतीबिंदू पिकलेला साधा माणूस असतो. कर्वे होता आलं नाही म्हणून त्याचं मत, त्याची सही, त्याची चव स्वस्त व्हायचं कारण नाही.

आणि साध्या माणसांचं काम कुणी मोजलंय का? दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून ऊसतोड मजुरांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्या परततात थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळा बुडू नये म्हणून मुलं गावी ठेवली तर ती आजी-आजोबांकडे. पाच-सहा महिने अख्खी वस्ती साठीपुढच्यांनी आणि दहाखालच्यांनी चालवलेली असते: पाणी, चूल, शेरडं, शाळेचा डबा, तापात रात्रभर जागणं. मुकादमाकडून उचल घेऊन दोघं नवरा-बायको कोयता चालवू शकतात ते या बिनपगारी व्यवस्थेच्या जोरावर. साखर कारखान्याच्या ताळेबंदात तिची ओळ नाही. शहरात हेच जरा बऱ्या कपड्यांत चालतं. हिंजवडीत दोघं नोकरीला जातात ते सकाळी आठला आजी नातवाचा ताबा घेते म्हणून. न्यू जर्सीतलं बाळंतपण सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई उरकते. आणि याच माणसांविषयी चर्चासत्रांत ‘अवलंबित लोकसंख्येचा वाढता भार’ असं म्हटलं जातं.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. त्या जनगणनेच्या अर्जात काम न करणाऱ्यांची वर्गवारी होती: विद्यार्थी, घरकाम करणारे, आश्रित, निवृत्तिवेतनधारक वगैरे. तीन नातवंडं सांभाळणारी आजी कोणत्या रकान्यात पडणार, हे प्रगणकाला उत्तर कोण देतं यावर ठरायचं. “आई? ती घरीच असते,” असं मुलाने म्हटलं की झाली आश्रित. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ-तारखेची आहे, म्हणजे माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत चालेल. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असेल आणि बीडच्या कितीतरी वस्त्यांवर मुलगा-सून घरात नसतील. प्रगणकाला प्रश्न थेट आजीलाच विचारावे लागतील, आणि त्यात ती काय काम करते हाही एक असेल.