‘होऊ शकतं’ म्हणून हक्क मिळतो का?

तुमच्या कोपराच्या कातडीतली पेशी आणि तुमच्या हृदयातली पेशी, दोघींकडे डीएनए एकच. कोड तोच; कुठला भाग चालू आणि कुठला बंद, एवढाच फरक. बंद झालेला भाग पुन्हा उघडत नाही, अशी बराच काळ समजूत होती. १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून त्यातून नवी पिल्लं वाढवून दाखवली. २००६ मध्ये क्योतोत शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घातली, आणि त्या मागे फिरून मूलपेशी झाल्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींचंही तेच जमलं.

त्याआधी माणसाच्या अशा मूलपेशी मिळवायच्या, तर जेमतेम पाच दिवसांचा भ्रूण मोडावा लागे. विरोधकांचं म्हणणं सरळ होतं : हा गोळा उद्या माणूस होऊ शकतो, मग तो मोडायचा अधिकार कुणाला? यामानाकांच्या शोधानंतर अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भ्रूणच नको, तर वादही नको.

मला वाटतं, वाद संपला नाही, उलट तो युक्तिवादच अडचणीत आला. २००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी अशा मागे फिरवलेल्या पेशींपासून जिवंत उंदीर जन्माला घातले. वार तयार व्हायला दुसऱ्या भ्रूणाची मदत लागली, पण उंदीर आले ते त्या पेशींतूनच. माणसाबाबत हे कुणी करू नये. पण ‘होऊ शकतं’ एवढ्यावर हक्क मिळत असेल, तर रक्ततपासणीनंतर फेकून दिलेल्या बाटलीतल्या पांढऱ्या पेशींचं काय?

यावर उत्तर मिळतं : भ्रूण आपला आपण वाढतो, बाकी पेशींना ढकलावं लागतं. पण काचेच्या बशीतला भ्रूण आपला आपण कुठेच जात नाही. त्याला गर्भाशय लागतं, नऊ महिने लागतात आणि एका बाईचा होकार लागतो. ‘आपोआप’ या शब्दात ती बाईच गायब होते.

भारतासह अनेक देशांत प्रयोगशाळेतला भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवू देत नाहीत. साधारण तेव्हा त्यात शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते. त्याआधी एकाचे दोनही होऊ शकतात. म्हणजे नियमही, आत्तापर्यंत काय झालंय, हेच बघतो.

याचा अर्थ भ्रूण म्हणजे कचरा, असा नाही. शक्यता जपायला हवी. पण तिच्या नावाने आज असलेल्या माणसाला थांबवायचं का? २०१४ मध्ये जपानमध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात, त्यांच्याच कातडीपासून बनवलेला पेशींचा थर बसवला. त्यांची नजर जात चालली होती. तिथे भ्रूण लागला नाही. लागला असता तर? माझं उत्तर : तरीही करावं. तुमचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते त्या बाईंना समोर बसवून सांगता यायला हवं.