पेटी बसवताना

कराड

चि. मुक्ता,


तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. नायट्रोजनचा कंटेनर मागच्या कॅरियरवर उभा, भोवती ट्यूबच्या पट्ट्यांचे वेढे आणि त्याच पट्ट्यांखाली औषधांची पिशवी दाबलेली. जनावरांच्या दवाखान्यातले सगळे असंच बांधून नेतात असं तू म्हणतेस. नेत असतील. पण पाटणहून ढेबेवाडी आणि मोरगिरीकडच्या वाड्यांवर ऐन पावसात जायचं तर असा बांधलेला कंटेनर तू नेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. पक्की पेटी बसवून घे. तुझ्या ओळखीचा फॅब्रिकेटर ती करून द्यायला तयार आहे हे उत्तम झालं. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतोय. हे पत्र त्यालाही वाचायला दे.

आधी कंटेनरचं बघू, कारण पेटी त्याच्यासाठी आहे. त्याच्या आतलं भांडं बाहेरच्या भांड्यावर विसावलेलं नसतं. ते मानेच्या नळीला लटकलेलं असतं आणि दोन्हींच्या मधे निर्वात पोकळी असते. उणे १९६ अंशांचा नायट्रोजन इतके दिवस टिकतो तो या पोकळीमुळे. म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली की आतल्या भांड्याचं आणि नायट्रोजनचं सगळं ओझं त्या मानेवर येतं. मान तडकली की निर्वात गेलं. मग कंटेनरला बाहेरून दव धरतं आणि नायट्रोजन भराभर उडून जातो. हे वेळीच लक्षात आलं नाही तर कृत्रिम रेतनासाठी आत गोठवून ठेवलेली रेतमात्रा निकामी होते, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गाय सकाळी माजावर आली, तू संध्याकाळी जाऊन रेतन केलंस, तर ते फुकट गेल्याचं शेतकऱ्याला कळणार साधारण २१ दिवसांनी, ती पुन्हा माजावर आल्यावर. दोन गायींच्या दुधावर ज्याचं घर चालतं त्याला हे दिवस परवडत नाहीत. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ ही संस्था उभी केली आणि संकरित गायींसाठी रेतनाची सोय गोठ्याच्या दारापर्यंत नेली. त्या कामात आजही दुचाकीवरून हिंडणाऱ्या माणसाचा मोठा वाटा आहे. तू त्याच कामात उतरली आहेस, म्हणून इतक्या बारकाईने लिहितोय.

आता मुख्य मुद्दा, आणि फॅब्रिकेटरशी मतभेद झालाच तर याच्यावर होईल. तो पेटीखाली जाड रबर घालायला सांगेल, धक्के बसू नयेत म्हणून. ते करू देऊ नकोस. पेटी आणि कॅरियर, कॅरियर आणि चेसी, हे सांधे लोखंडाला लोखंड भिडून घट्ट हवेत. मऊपणा हवा तो पेटीच्या आत, कंटेनरच्या भोवती. रबर दिवसेंदिवस दबत जातं, आणि ते दबलं की बोल्टचा ताण गेला. मग पेटी केसभर हलायला लागते. सैल जू बैलाचा खांदा सोलतं तसं हे केसभर हलणंच भोकं मोठी करतं, वेल्डिंगजवळ चीर पाडतं आणि नट सोडवतं. नुसत्या वजनाने मोडलेली कॅरियर मी क्वचितच पाहिली. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातल्या बहुतेक हलून हलून मोडलेल्या असतात.

नट का सुटतो याचा नीट शोध गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने घेतला होता. त्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की आवळलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकत राहिले तर नट आपोआप उलटा फिरत जातो. वरखाली धक्क्यांपेक्षा हे आडवं सरकणं फार वाईट. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सांधा इतका घट्ट हवा की काही सरकूच नये. दुसरी, आपल्याकडे सगळे डोळे झाकून ज्याच्यावर विसंबतात त्या स्प्रिंग वायसरचा अशा सरकण्यापुढे उपयोग होत नाही. तो घातलास म्हणून निर्धास्त होऊ नकोस. नायलॉक नट वापर. तो एकदा काढला की पुन्हा लावायचा नाही, नवा घ्यायचा. काही रुपयांची वस्तू आहे.

पेटी कुठे बसवायची याबद्दल माझं मत ठाम आहे. तू एकटीच फिरतेस, तर ती मागच्या सीटच्या जागेवर आण, शेपटीला लटकवू नकोस. हिशोब सांगतो. तुझ्या १२५ सीसीच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असतं. पंधरा किलोची पेटी मागच्या चाकाच्या आसापासून ३० सेंटिमीटर मागे ठेवली तर मागच्या चाकावर साधारण साडेअठरा किलोचा भार पडतो आणि पुढचं चाक साडेतीन किलोने हलकं होतं. कुंभार्लीसारख्या घाटात, ओल्या वळणावर, पुढचं चाक हलकं असणं म्हणजे हँडलचं ऐकणं कमी होणं. तीच पेटी आसाच्या पुढे आणली की भार दोन्ही चाकांवर वाटला जातो. नियमालाही हे धरून आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने दुचाकीवरच्या पेटीची मापं ठरवून दिली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००, याहून मोठी नको. पेटी मागच्या सीटच्या जागेवर असेल तर गाडीवर फक्त चालवणाऱ्याने बसायचं. ही पेटी आहे तोवर वाटेत कुणी कितीही ओळखीचं भेटलं तरी मागे घ्यायचं नाही.

तिथे पेटी असली की पाय मागून टाकता येत नाही, पुढून, टाकीवरून टाकावा लागतो. ते दोन दिवसांत अंगवळणी पडेल. मात्र पेटी आणि पाठ यांच्यात चार बोटांची फट ठेव, कारण ब्रेक लागल्यावर पेटीची कड मणक्यात बसता कामा नये.

पेटी सीटच्या फोमवर टेकवायची नाही. सीटच्या वरून जाणारी, स्वतःच्या पायांवर उभी असलेली चौकट करून घे. तिचे मागचे दोन पाय मागच्या हँडग्रिपच्या बोल्टांवर आणि पुढचे दोन मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर येऊ देत. कंपनीने जिथे भोकं दिली आहेत तिथेच बोल्ट जाऊ दे, चेसीला नवं भोक पाडू देऊ नकोस आणि चेसीवर वेल्डिंग तर मुळीच नको. शॉकअपच्या वरच्या बोल्टवर पाय देणं पुष्कळांना सोपं वाटतं. मला ते पसंत नाही, कारण शॉकअपचा डोळा त्याच्या बुशवर मोकळा हलला पाहिजे आणि तिथे आवळलेली पट्टी त्याला अडवते. सारीगार्ड तसाच राहू दे. चौकट बसल्यावर सीट निघते का, चेन ताणायला हात जातो का, हे तिथल्या तिथे करून बघ.

चौकटीला पाऊण इंची पाइप पुरे, पण भिंत दोन मिलिमीटरची हवी. पाय आणि आडवा पाइप मिळतात तिथे तिरपा आधार देऊन त्रिकोण करायला सांग, दोन्ही बाजूंना आणि मागेही. नुसत्या चौकोनाला कितीही जाड पाइप लावला तरी तो वळणांवर डावीकडे-उजवीकडे डुलतो. पाइपांची तोंडं बंद करून घे आणि प्रत्येक पायाला सगळ्यात खाली एक बारीक भोक ठेव. तुमच्याकडच्या पावसात आत पाणी साचून पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत दिसत राहतो. भोकं सगळी रंगाआधी पाडायची.

वेल्डिंग चौकट गाडीवरून उतरवूनच झालं पाहिजे. जागेवर टाके मारल्याशिवाय माप जमणार नाही असं तो म्हणाला तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडायच्या, ईसीयूचा कपलर काढायचा आणि वेल्डिंगची अर्थ थेट चौकटीला लावायची. अर्थ भलतीकडे लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. तुझी गाडी बीएस-६ आहे, ईसीयू गेला तर खर्च पेटीच्या कितीतरी पट येईल.

बोल्ट ८ मिलिमीटरचे घे, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेले. शिक्का नसलेला बोल्ट दुकानदाराने कितीही चांगला म्हटला तरी परत कर. टॉर्क पाना मिळाला तर ८ चा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर, कुठे ६ चा असेल तर १०. सहाचा बोल्ट लांब पान्याने आवळला तर तो तुटतो किंवा आतून ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट तुटलेल्यापेक्षा घातक, कारण तो धरून बसल्यासारखा दिसतो. नायलॉकच्या बाहेर बोल्टचे निदान दोन आटे दिसले पाहिजेत. जिथे नट लावायला जागाच नाही, बोल्ट सरळ चेसीच्या आट्यात जातो, तिथे निळं लॉकटाइट लाव, पण आधी आटे पेट्रोलने पुसून कोरडे कर. तेलकट आट्यांवर ते धरत नाही. सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढ. नट किंचित फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. ही सवय मला फार मोलाची वाटते: रोज सकाळी किक मारण्याआधी एक नजर टाकली की पुरे, पाना हातात घ्यावा लागत नाही.

पेटी पत्र्याची ट्रंक घेतलीस तरी चालेल, जाड प्लास्टिकची घेतलीस तरी. दोन्हींचा तळ पातळ असतो, त्यामुळे नुसता वायसर घालून बोल्ट आवळला तर धक्क्यांनी तो तळ फाडून वर येतो. तळाच्या आतून तीन मिलिमीटरची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चारही बोल्टांखालून सलग जाऊ दे, म्हणजे भार पसरतो. बोल्टांची डोकी पेटीच्या आत असू देत. मग कुलूप लावलेली पेटी कुणाला बाहेरून सोडवता येणार नाही. झाकणाची बिजागरी पुढच्या बाजूला, तुझ्या पाठीकडे. चुकून कडी निघाली तर समोरचा वारा झाकण दाबून धरतो. बिजागरी मागे असेल तर वारा त्यात शिरून झाकण उलटं फेकतो.

यानंतरची गोष्ट सर्वांत गंभीर. ही पेटी हवाबंद असता कामा नये. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, आणि कंटेनरच्या तोंडातून तो सतत थोडा थोडा निघतच असतो. पेटीच्या दोन बाजूंना तळाजवळ आणि वर झाकणाच्या कडेखाली अंगठा जाईल एवढी भोकं ठेव, बाहेरून जाळी आणि पाणी अडवणारं पत्र्याचं झाकण. कंटेनरचं स्वतःचं बूच सैल बसतं ते मुद्दाम. नायट्रोजन हिंदकळून सांडतो म्हणून ते कापडाने किंवा टेपने कधीही घट्ट करायचं नाही, आणि पेटीचं झाकण त्यावर दाबून बसायला नको. कंटेनर झोपायच्या बंद खोलीतही ठेवू नकोस. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि तो खोलीतला प्राणवायू कमी करतो हे आतल्या माणसाला जाणवत नाही. खिडकी सतत उघडी असलेल्या जागेत त्याची सोय लाव.

आत तळाला कडक फोमचे दोन थर, त्यावर कंटेनरच्या बुडाच्या मापाचं गोल कापलेलं कडं, आणि कंटेनरच्या मध्यावर चारी बाजूंनी फोम असा की हाताने ढकललं तर थोडं दबेल पण कंटेनर कलणार नाही. तो कायम उभाच राहिला पाहिजे. वरून एक रुंद पट्टा, पेटीच्या आतल्या कड्यांना. तीन लिटर नायट्रोजनचंच वजन अडीच किलोच्या जवळ जातं, कंटेनरचं वेगळं, म्हणून भरलेला कंटेनर एकदा काट्यावर ठेवून बघ. लसींचा डबा बर्फासह वेगळा ठेव, नायट्रोजनच्या वाफेच्या वाटेत ठेवू नकोस. लाळ-खुरकताची लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, ती गोठली तर वाया जाते.

पेटी बसल्यावर गाडी मेन स्टँडवर लाव आणि पेटी दोन्ही हातांनी धरून जोरात हलव. आख्खी गाडी हलली पाहिजे. गाडीआधी पेटी हलली तर काम परत कर, पैसे देऊ नकोस. पहिल्या दिवशी कंटेनर घालू नकोस. तेवढ्याच वजनाचे पाण्याचे कॅन घालून कराड-चिपळूण रस्त्यावर हेळवाकपर्यंत जाऊन ये. परत आल्यावर सगळ्या रेघा बघ आणि नट एकदा पान्याने तपास. नवा सांधा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोडा बसतोच. मागचा शॉकअप एक-दोन घर कडक कर, मागच्या चाकात ओझ्यासाठी कंपनीने सांगितली आहे तेवढी हवा भर, आणि रात्री भिंतीसमोर उभी राहून हेडलाइट वर गेलाय का ते बघून खाली घे. मागून टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट पूर्ण दिसतात ना, हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांग. पेटीसह साठच्या वर जाऊ नकोस, रस्ता मोकळा असला तरी.

चौकट तयार झाली की रंग लावण्याआधी प्रत्येक सांध्याचे जवळून, उजेडात फोटो काढून पाठव. वेल्डिंगच्या कडेला खाच दिसली किंवा मणी तुटक असले तर मी सांगेन कुठे पुन्हा भरायचं ते. शिक्क्याचे ८ चे बोल्ट, नायलॉक आणि लॉकटाइट पाटणला मिळाले नाहीत तर फोन कर, उद्याच्या एसटीने पाठवतो. बोल्टची लांबी मात्र मोजून कळव: पट्टी, चौकट आणि वायसर यांची एकूण जाडी, आणि त्यावर नटासह १२ मिलिमीटर.

तुझा
मामा